वर थोडी जागा

“वर थोडी जागा सोड,” नाना म्हणाले.

मी कॅमेरा किंचित उचलला. मागच्या पडद्यावर जामा मशिदीचा मिनार खाली सरकला आणि त्याच्या टोकावर आभाळाची एक पट्टी उघडी पडली.

“आता?”

“आता दाब. श्वास सोडून झाला की दाब. आणि कोपरं बरगड्यांना टेकव. हवेत कशाला लोंबकळतायत?”

मी दाबलं. खडूचा तुकडा मोडावा एवढाच आवाज झाला. नानांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, पडद्यावर तळव्याची सावली धरली, निरखून पाहिलं आणि परत दिला.

“हललाय.”

“मला तर स्पष्ट दिसतोय.”

“तुला दिसणारच. तू भूगोल शिकवतेस. डोंगर कुठल्या दिशेला आहे एवढं कळलं, की तुझं काम झालं.”

रिक्षाला टेकून उभा असलेला अनीसभाई हसला. स्टेशनाबाहेर उतरल्यावर आम्ही त्याची रिक्षा दिवसभरासाठी ठरवली होती, आणि तेव्हापासून तो आमच्या प्रत्येक बोलण्यात सामील होत होता. मराठी त्याला सगळी समजत असे. उत्तर मात्र तो आपल्या हिंदीतच देई.

“चाचा, दीदी को डाँटो मत. मिनार चार सौ साल से हिला नहीं, अब क्या हिलेगा?”

“मिनार नाही हलत, अनीसभाई. हिचा हात हलतो.”

ते खरं होतं. माझा हात त्या दिवशी सकाळपासून हलत होता. मला मात्र तो जाणवत नव्हता. फोटो पाहिल्यावर कळायचं. इतर गोष्टींचंही त्या दिवसांत माझं तसंच झालं होतं. चहा गरम होता हे पेला खाली ठेवल्यावर बोटं लाल दिसली, की समजे.

बुऱ्हाणपूर आमच्या सावद्याहून फार लांब नाही. पॅसेंजर गाडीत बसलं, तर शेंगांचा पुडा संपेपर्यंत येतं. लहानपणी आम्ही तिथे लग्नांना जात असू, बस्त्याला जात असू. पण शहर पाहायला म्हणून कधी गेलो नव्हतो. नाना, म्हणजे माझे वडील, मात्र तरुणपणी एकटेच जात. रविवारी आपला फोटो स्टुडिओ बंद करून, मोठा कॅमेरा आणि लाकडी स्टँड खांद्यावर टाकून सकाळच्या गाडीनं निघत आणि अंधार पडता पडता परतत. त्यांनी काढलेल्या तिथल्या दरवाजांचे, कमानींचे आणि तापीच्या घाटाचे फोटो स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर वर्षानुवर्षं होते. गिऱ्हाइकांना त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. ते त्याच भिंतीवरच्या आरशात भांग पाडत.

या वेळी बुऱ्हाणपूरला जाऊ या, असं नानांनीच म्हटलं होतं. मी लगेच रजा टाकली. त्याचं कारण फोटो नव्हते.

नानांच्या आतड्यात गाठ निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. लवकर केलं तर बरीच वर्षं मिळतील, नाही केलं तर काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. नाना त्यांच्यासमोर मान हलवत बसले, आणि घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढलाच नाही. माझा धाकटा भाऊ हेमंत पुण्याला असतो. त्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, आणि शेवटी त्यानं हा कॅमेरा पाठवला. काळा, चपटा, मुठीत मावेल एवढा. ‘तुमचा जुना उचलवत नाही ना? हा घ्या. ऑपरेशन झालं की याला घेऊन कुठेही फिरा,’ असं तो फोनवर म्हणाला. नानांनी कॅमेरा तळहातावर ठेवून वरखाली केला होता.

“हा कॅमेरा आहे की साबणाची वडी?”

आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी हेमंतचा मला फोन आला. “ताई, ते तुझं ऐकतात. दिवसभर बरोबर आहेस. त्यांच्याकडून हो म्हणवूनच आण. नाहीतर मग आपण नुसतं बघत बसायचं.”

मी बरं म्हटलं. मी त्या दिवशी बुऱ्हाणपुरात ‘हो’ आणायला गेले होते.

गाडीतच नानांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. “आज तू काढायचेस.”

“मी? मला कुठे येतं?”

“म्हणून तर.”

हे जरा नवलाचं होतं. हेमंतला त्यांनी लहानपणीच डार्करूममध्ये उभं केलं होतं. मला कधी बोलावलं नव्हतं, आणि मीही कधी मागे लागले नव्हते. स्टुडिओ बंद होऊनही काही वर्षं झाली होती. लोकांच्या हातात मोबाइल आले आणि नानांकडे फक्त पासपोर्टवाले उरले, मग तेही उरले नाहीत.

मशिदीनंतर आम्ही गल्ल्यांमधून हिंडलो. नाना हळू चालत होते. चालता चालता मधेच थांबत, पोटावर हात न ठेवता नुसते थांबत, आणि थांबण्याचं कारण म्हणून मला एखादं दार दाखवत. “हे काढ.” दार काढून होईपर्यंत त्यांना पुढे चालता येण्याजोगं झालेलं असे. यंत्रमागांचा खडखडाट बंद दारांच्या आड चालू होता. लाकडी सज्जांखाली वायरींची जाळी लोंबत होती. कुठे कोरीव खांबाला बकरी बांधलेली होती. मी दाखवतील ते काढत गेले. पडद्यात सगळं लहान आणि लांबचं दिसत होतं. मला ते बरं वाटत होतं.

प्रत्येक वेळी त्यांचं एकच पालुपद असे. “वर थोडी जागा सोड.”

“नाना, दाराला वर जागा कशाला?”

“सवय होऊ दे.”

एका वळणावर त्यांनी अनीसभाईलाच भिंतीपाशी उभं केलं. “आता माणूस काढ. छातीपर्यंत घे. सरळ समोरून.”

अनीसभाईनं कॉलर नीट केली, तोंडातलं पान गालात सारलं. मी फोटो काढला. नानांनी तो पाहून मान हलवली. डोकं फार वर गेलं होतं. पुन्हा काढायला लावला. या वेळी अनीसभाईही पडद्यात डोकावला आणि खट्टू झाला.

“यह क्या दीदी? ऊपर इतनी सारी जगह? ऊपरवाले के बैठने के लिए छोड़ी है?”

नाना हसले. इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि भिंतीला धरून उभं राहावं लागलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. अनीसभाई घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. ठसका थांबल्यावर नानांनी डोळे पुसले.

“बरोबर बोललात. त्याच्यासाठीच.”

दुपारी आम्ही चौकातल्या एका दुकानात बसलो. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी काळीभोर असते, आणि जाड. एका जिलबीत माणूस गप्प होतो. नानांनी एक मागवली, तिचा कडेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि बाकीची माझ्याकडे सरकवली. अनीसभाई बाहेर रिक्षात बसून भाकरी खात होता. आता बोलायला हवं, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, आठवलं.

“नाना, हेमंतला आज काहीतरी सांगावं लागेल.”

“काय सांगायचंय?”

“डॉक्टर तारीख देतायत. पुढच्या महिन्यातली. तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकीचं तो बघेल. तुम्हाला काही करावं लागणार नाही.”

“आडवं पडावं लागेल ना.”

“नाना.”

त्यांनी बोटं रुमालाला पुसली, एकेक करून.

“तुझ्या आईला कुणी हो म्हणवलं होतं, माहीत आहे तुला?”

मी मानेनंच नाही म्हटलं.

“मी. ती नको म्हणत होती. पहिल्या ऑपरेशनलाही नको म्हणत होती आणि दुसऱ्यालाही. मी तिच्या पायाशी बसून होतो. म्हटलं, माझ्यासाठी कर. केलं तिनं. मग ती दवाखान्यातून बाहेर आलीच नाही. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. नर्सला विचारायची, हे पाहुणे कोण बसलेत.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. गोड लागलं की नाही, ते आठवत नाही.

“सगळ्यांचं तसं होत नाही, नाना. आता पुष्कळ सुधारणा झाल्यात.”

“असतील.”

“मग?”

“तिचा फोटो तूच बघ ना,” ते म्हणाले. मला वाटलं, त्यांनी विषय बदलला. “सगळ्या तालुक्याचे फोटो मी काढले. तिचा एकटीचा एक नाही. आज काढू, उद्या काढू. घरचंच माणूस, कुठे पळतंय. शेवटी कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापावी लागली. डोळे मिटलेले होते. ते मी ब्रशनं उघडले. भिंतीवर जी बघते आहे, ती तुझी आई नाही. तो माझा ब्रश आहे.”

आमच्या घरातला तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला. आईच्या उजव्या खांद्याजवळ पदर जरा विचित्र फुगलेला आहे. तिथे मूळ फोटोत माझ्या आत्याचं कोपर होतं; नानांनी त्यावर पदर रंगवला होता. मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजला. हेमंत होता. नानांनी हातानंच खूण केली, की घे, बोल. मी बाहेर आले.

“काय म्हणाले?”

“अजून बोलतोय आम्ही.”

“ताई, संध्याकाळपर्यंत मला डॉक्टरांना कळवायचंय. तू त्यांना फिरवते आहेस की ते तुला?”

“कळवते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

उन्हं कलू लागल्यावर आम्ही किल्ल्यात गेलो. तापीच्या काठावर तो उभा आहे, बराचसा ढासळलेला. वाटेत अनीसभाईनं नदीपलीकडे बोट दाखवलं. “मुमताज बेगम का इंतक़ाल यहीं हुआ, चाचा. पहले उस पार दफ़नाया. बाद में आगरा ले गए. ताजमहल वहाँ बना, मरी वो हमारे यहाँ.” हे सांगताना त्याला आपल्या गावाचा अभिमान वाटत होता.

“तिचं चित्र आहे का कुठे? खरं?” नानांनी विचारलं.

“बहुत हैं. हर दुकान में मिलेगी.”

“ती सगळी मागाहून काढलेली. कबर सगळ्या जगाला माहीत, आणि चेहरा कुणालाच नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चल. उजेड जायच्या आत.”

किल्ल्यातलं शाही हमाम, बादशाही स्नानघर, मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. आत शिरताच गारवा लागतो. मधोमध कोरडा हौद, आणि वर छतभर नक्षी; वेली, फुलं, फुलदाण्या. रंग उडाले असले तरी कुठे कुठे लाल-निळा अजून ताजा दिसतो. छताच्या झरोक्यातून उजेड खाली येत होता. थेट ऊन नव्हे, कुणीतरी गाळून सोडल्यासारखा. पाहायला आलेली माणसं निघून गेली होती. अनीसभाई दाराशी थांबला.

मी कॅमेरा छताकडे उचलला.

“ते राहू दे,” नाना म्हणाले. “ते सगळेच काढतात. माझा काढ.”

ते भिंतीकडेनं चालत गेले. एका कोपऱ्यात थोडा भाग सपाट, साध्या चुन्याचा होता. त्यावर वेल नाही, फूल नाही. तिथे दगडी ओट्यासारखं काही होतं. ते त्यावर बसले. मला विचित्र वाटलं. सगळ्या हमामात पाहण्यासारखं काही नाही अशी तेवढीच एक जागा होती.

“इथे? मागे नक्षी आली असती तर...”

“नक्षी नको. मागे काही नको.”

त्यांनी गळ्यातला मफलर काढला, घडी करून बाजूला ठेवला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. खिशातून कंगवा काढून केस मागे वळवले. चष्मा काढला, एक क्षण हातात धरला, आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“चष्मा राहू दे. चष्म्याशिवाय ओळखणार नाहीत.”

मी फोटो काढला. ते उठून आले, पाहिला, परत जाऊन बसले. हललेला होता. दुसराही हलला.

“उजेड कमी आहे आणि तुझा हात थांबत नाही,” ते म्हणाले. रागानं नव्हे. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाशी बोलत तसं. “त्या कठड्यावर ठेव कॅमेरा. खाली माझा मफलर घे, उंची साध. आता चौकट बघ. छातीपर्यंत आहे ना? दोन्ही खांद्यांना बाजूनं सारखी जागा?”

“हो.”

“वर?”

“वर आहे.”

“किती?”

“चार बोटं.”

“आणखी थोडी. दाट असला तर पुरायला हवी.”

काय दाट, असं मी विचारणार होते. पडद्यात नाना सरळ बसलेले होते, हात मांड्यांवर, पाठ ताठ, नजर नाकासमोर. त्यांच्या डोक्यावर, खांद्यांच्या दोहों बाजूंना पांढरी भिंत मोकळी होती. तो आकार मी ओळखत होते. इतका ओळखीचा, की दिवसभर त्यांनी तो माझ्याकडून गिरवून घेतला आणि मला कळलं नाही.

स्टुडिओत तशी माणसं वरचेवर येत. पायांतल्या चपला बाहेर काढून येत, खरं तर तशी गरज नसे. रुमालाची घडी उलगडून एखादा फोटो काउंटरवर ठेवत. पंगतीतला, नाहीतर शेतातला, कुणाच्या तरी मागे अर्धा झाकलेला. मोठा करून द्या, भिंतीला लावायचाय. नाना तो भिंगाखाली धरत आणि ती माणसं गेल्यावर दर वेळी तेच पुटपुटत, ‘वर जागाच सोडलेली नाही. हार घातला, की कपाळ झाकणार.’ मग पांढरा कागद वर जोडून ती जागा ते तयार करत. शेजारी कुणी जिवंत माणूस असेल, तर आधी त्याला कापून काढत. ते लोक आवर्जून सांगत, कापाच. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत.

“झालं का?” नानांनी विचारलं.

“हो.”

“मग टायमर लाव. दाब आणि हात काढून घे. धरून ठेवू नकोस.”

हेमंतला काय कळवायचं, ते मला कळलं होतं. नाना नाही म्हणालेच नव्हते. त्यांनी ते सकाळपासून माझ्या हातांना शिकवलं होतं.

मी टायमर लावला, बटण दाबलं आणि हात काढून घेतला. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला लाल दिवा उघडझाप करू लागला. नाना त्याच्याकडे पाहत स्थिर झाले. मी कठड्याला वळसा घातला आणि त्यांच्या दिशेनं चालू लागले.

त्यांचे ओठ हलले नाहीत, तरी आवाज आला. “उजू. चौकटीत येते आहेस.”

मी चालत राहिले.

“बाजूला हो.”

दिवा भरभर लुकलुकू लागला. मी त्यांच्या शेजारी पोचले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याच्या आत खांद्याचं हाड लागलं. ते उठू शकले असते, मान वळवू शकले असते. माझा हात झटकणंही त्यांना अवघड नव्हतं. पण जन्मभर त्यांनी लोकांना सांगितलं होतं, हलू नका. नाना हलले नाहीत.

खडू मोडल्यासारखा आवाज झाला.

थोडा वेळ आम्ही तसेच होतो. मग ते उठले, कठड्यापाशी गेले आणि पडदा पाहू लागले. मी ओट्यापाशीच उभी होते.

“हललेला नाही,” ते म्हणाले.

“हो?”

“हात आलाय. तू पण अर्धी आलीस.”

“हो.”

“परत काढ.”

“नाही.”

“उजू.”

“मी नाही काढणार, नाना. तुम्ही किती वेळा बसलात, तरी मी येऊन उभी राहीन.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं होतं, की मला कळलं आहे. मला रडू येईल असं त्यांना वाटलं असावं. खिशातल्या रुमालाकडे त्यांचा हात गेला. पण मला काहीच येत नव्हतं. मी कठड्यावरचा मफलर उचलून त्यांना दिला. त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला. दारातून अनीसभाईची हाक आली, “चाचा, बंद करने का वक़्त हो गया.”

रिक्षात बसल्यावर त्यानं आरशातून विचारलं, “तस्वीर अच्छी आई?”

“बेटी ने बिगाड़ दी,” नाना म्हणाले.

“तो दूसरी ले लो. इसमें कौन-सी रील जलती है?”

नाना बाहेर, मागे सरकणारी दारं बघत बसले.

परतीच्या गाडीत नाना खिडकीला डोकं टेकून झोपले. हेमंतचा फोन आला तेव्हा मी दाराजवळ जाऊन उभी राहिले.

“हो म्हणाले?”

“नाही.”

“मग दिवसभर केलंत काय तुम्ही?”

“फोटो काढले,” मी म्हटलं.

नानांनी ऑपरेशन करून घेतलं नाही. हेमंत दोनदा आला आणि भांडून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा भांडला नाही. त्या महिन्यांत नानांनी कॅमेरा मात्र सोडला नाही. चार्जरला लावलेला तो कपाटावर कायम असे. सकाळी बरं वाटलं, की ते मळ्यापर्यंत जात, केळीच्या पानांवरचा उजेड काढत, मला दाखवत. “हलका आहे, नाही?” असं एकदा म्हणाले. “आधी मिळाला असता, तर तुझ्या आईला काढली असती.” घरात माणसांची ये-जा असे. कुणालाही सांगितलं असतं, जरा हे बटण दाब, तर दाबलं असतं. कॅमेरा हाताशी होता, भिंत होती, दुपारचा उजेडही होता. मी शाळेत गेलेली असे. अडवायला घरात कुणी नव्हतं.

संक्रांतीला हेमंत आला, तेव्हा त्यानं आपला मोठा मोबाइल नानांसमोर धरला. “नाना, इकडे बघा. एक छान फोटो काढू तुमचा.”

नानांनी तळवा आडवा धरला.

“माझा आहे,” ते म्हणाले. “बुऱ्हाणपूरला काढलेला. उजूनं काढलाय.”

चैत्रात ते गेले. बाराव्याच्या आधी हेमंत आणि मी बाजारातल्या त्या दुकानात गेलो, जिथे आता संगणकावर फोटो करून देतात. तिथल्या माणसानं मोठ्या पडद्यावर नानांना उघडलं. त्यानं सराईतपणे मला कापून टाकलं. चेहरा गेला, पदर गेला, कोपर गेलं. शेवटी खांद्यावर तेवढी चार बोटं राहिली.

“ही पण पुसून टाकतो, ताई. एका मिनिटाचं काम आहे. कळणारसुद्धा नाही.”

“टाक,” हेमंत म्हणाला. “जिवंत माणसाचा हात आहे. बरं दिसत नाही.”

“राहू दे,” मी म्हटलं.

हेमंतनं माझ्याकडे पाहिलं. मी कारण सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

तो फोटो आईच्या शेजारी लावला आहे. दर वर्षी श्राद्धाला मी स्टुलावर चढून जुना हार उतरवते, काच पुसते. नवा हार हातात घेईपर्यंत खांद्यावरची चार बोटं उघडी दिसतात. मग हार चढवते. दाट असतो, तरी वरच्या मोकळ्या जागेत नीट बसतो, दोन्ही बाजूंनी सारखा खाली येतो, आणि बोटं त्याच्याआड जातात.

कपाळ झाकत नाही.